ई-क्लास की ५ सिरीज : आतल्या कामाचा दर्जा कसा पारखावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून महिन्यातून चार-पाच वेळा मुंबईला जावे लागते, निम्म्या वेळा गाडी तुम्ही स्वतः चालवता, निम्म्या वेळा चालक असतो आणि मागे तुमच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आई बसतात. मर्सिडीजची लांब ई-क्लास आणि बीएमडब्ल्यूची लांब ५ सिरीज या दोन्ही गाड्यांत तुम्ही शोरूममध्ये बसून पाहिलेत, दोन्ही आतून सारख्याच देखण्या वाटल्या. तेव्हा आतल्या कामाचा दर्जा कुणाचा सरस आणि दहा वर्षांनी कुठली गाडी आतून धड राहील, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यात सव्वीस वर्षे मोटारींच्या आतले काम करतो. आसने, दारांचे पॅड, छताचे कापड, डॅशबोर्ड हे सगळे उघडणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा जागच्या जागी बसवणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे पुढचे उत्तर गाडी उघडून पाहणाऱ्याच्या नजरेतून आले आहे.

निर्णय आधी सांगतो. आईंचा प्रवास तुम्हाला महत्त्वाचा असेल, आणि पत्रावरून तो तसाच दिसतो, तर ई-क्लास घ्या. चालक क्वचितच असेल आणि स्टिअरिंग बहुतेक वेळा तुमच्याच हाती राहणार असेल, तर ५ सिरीज घ्या. टिकाऊपणाच्या बाबतीत मात्र एकीला दुसरीच्या वर ठेवण्याजोगा फरक मला दोघींच्या मूळ बांधणीत दिसत नाही. दहा वर्षांनी गाडी आतून कशी दिसेल हे बोधचिन्हापेक्षा तुम्ही कोणते आवरण, कोणता रंग आणि किती चकाकी निवडता, आणि पुढे ती कोणाच्या हातून पुसली जाते, यावर जास्त ठरते.

शोरूममध्ये दोन्ही गाड्या सारख्या वाटल्या यात तुमच्या नजरेचा दोष नाही. शोरूमचा प्रकाश वरून आणि सर्व बाजूंनी येतो, सावली पडूच देत नाही. त्यातच गाडीच्या आतले रंगीत दिवे लावलेले असतात. मर्सिडीजमध्ये त्यांच्या चौसष्ट छटा निवडता येतात, आणि ५ सिरीजमध्ये डॅशबोर्डच्या आडव्या पट्टीतून स्फटिकासारखा प्रकाश फाकतो. ही सजावट आहे. ती मला आवडते आणि ती करायलाही कौशल्य लागते, पण दर्जा ही तिच्याहून वेगळी गोष्ट आहे. दर्जा सांध्यांत असतो, टाक्यांत असतो, दाराच्या पॅडमागच्या क्लिपांत असतो आणि फोमच्या घनतेत असतो. म्हणून विक्री-प्रतिनिधीला गाडी दुपारी बारा वाजता बाहेर उन्हात काढायला सांगा, आतले दिवे बंद करवून घ्या आणि मग बसा. पाच मिनिटांत तुम्हाला ते दिसू लागेल जे आत तासभर बसून दिसले नव्हते : प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांच्या रंगातला किंचित फरक, दाराच्या आणि डॅशबोर्डच्या रेषा एकमेकींना जुळतात की नाही, शिलाई सरळ धावते की कोपऱ्यावर वळताना लहरते.

दोन्ही कंपन्यांचा स्वभाव समजून घेतला तर निवड सोपी होते. आधी मर्सिडीज. १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या (पुढची टाटा मोटर्स) आवारात डब्ल्यू १२४ या पिढीच्या ई-क्लासची जुळणी सुरू झाली. मर्सिडीजचा चाकणचा कारखाना पुढे २००९ मध्ये आला. त्या पहिल्या पिढीतली एक गाडी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आसनांच्या कामासाठी आली होती. मालकांची तक्रार एवढीच होती की चालकाची बाजू थोडी खचली आहे. मी आवरण उतरवले. खाली लोखंडी स्प्रिंगांची जाळी होती आणि तिच्यावर रबराच्या चिकात बांधलेल्या केसांची जाड गादी होती, आपल्याकडच्या काथ्याच्या गादीच्या जातीची. हाताने दाबली की ती हळूच खाली जाई आणि हात उचलताच तितक्याच सावकाश वर येई. एका कडेला ती भुसभुशीत होऊन तिचा चुरा खाली सांडला होता, बाकी सगळी शाबूत होती. वरचे आवरण कृत्रिम होते, चामड्याचे नव्हते. मी ते कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुतले आणि तेच पुन्हा चढवले. एकही टाका उसवलेला नव्हता. ते आसन बनवणाऱ्यांनी बसणाऱ्या माणसाचा विचार आधी केला होता आणि दिसण्याचा नंतर. मर्सिडीजच्या आसनांत तो स्वभाव आजही बऱ्याच अंशी टिकून आहे असे माझे मत आहे. आसन हलवण्याची बटणे आसनाच्याच आकाराची करून ती दारावर लावण्याची पद्धत त्यांनी १९७९ च्या डब्ल्यू १२६ एस-क्लासमध्ये आणली आणि पुढे अनेक कंपन्यांनी ती उचलली. कारण पुस्तिका न वाचता ती कोणालाही कळते.

बीएमडब्ल्यूचा स्वभाव चालकाच्या बाजूने झुकतो, आणि तोही अक्षरशः. १९७५ च्या पहिल्या ३ सिरीजमध्ये डॅशबोर्डचा मधला भाग चालकाकडे वळवलेला होता, आणि आजच्या ५ सिरीजचा वक्र पडदा, ज्यात १२.३ इंचांचा चालकासमोरचा आणि १४.९ इंचांचा मधला असे दोन भाग एका काचेखाली आहेत, तोही चालकाकडेच वळलेला आहे. २००१ च्या ७ सिरीजमध्ये आयड्राइव्हचा, म्हणजे पडद्यावरचे पर्याय फिरवून निवडायचा, गोल खटका पहिल्यांदा आला तेव्हा त्यावर भरपूर टीका झाली. आज इतर अनेकांनी असे खटके काढून टाकले असताना ५ सिरीजमध्ये तो टिकून आहे. कसारा घाटात उतरताना नजर रस्त्यावरून न हलवता हाताला सापडणारा खटका असणे ही मी मोठी गोष्ट मानतो.

आता मागचे आसन. ५ सिरीजच्या दोन चाकांच्या अक्षांमधले अंतर ३,१०५ मिलिमीटर आहे, ई-क्लासचे ३,०९४. म्हणजे फरक अकरा मिलिमीटरचा, करंगळीच्या जाडीएवढा. एकूण लांबीत ५ सिरीज ५,१६५ मिलिमीटर भरते आणि ई-क्लास ५,०९२. हे आकडे पाहून ५ सिरीज मागे जास्त सुखाची असेल असे कोणीही म्हणेल, आणि पाय पसरायला ती कमी पडत नाही हेही खरे आहे. परंतु ई-क्लासच्या मागच्या आसनाची पाठ मोटरने ३६ अंशांपर्यंत कलते आणि मांडीखालची गादी पुढे सरकवता येते. ५ सिरीजच्या मागच्या आसनाची पाठ कलत नाही. ती जशी आहे तशी चांगल्या कोनात बसवलेली आहे, पण एकच कोन सर्वांना आणि सर्व वेळी पुरत नाही. नाशिक ते मुंबई रस्ता मोकळा असला तरी तीन-साडेतीन तासांचा प्रवास आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दोन तासांनंतर कंबर भरून येते तेव्हा जागेच्या अकरा मिलिमीटरांपेक्षा पाठ चार अंश मागे नेता येणे कितीतरी मोलाचे ठरते. मांडीला आधार नसेल तर सगळा भार बैठकीवर एकवटतो आणि पाय अवघडतात. आईंना घेऊन जा, दोन्ही गाड्यांत मागे किमान चाळीस मिनिटे चालत्या गाडीत बसवा. दहा मिनिटांत कोणतेही आसन चांगलेच वाटते, कारण मऊपणा लगेच कळतो आणि आधार उशिरा कळतो. जाता जाता आणखी एक पाहा : त्यांना बसताना डोके किती वाकवावे लागते आणि उतरताना धरायला काय सापडते. दोन्ही गाड्या सेदान आहेत, बैठक खाली आहे, आणि गुडघे दुखत असतील तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करू शकतो.

पुढच्या भागात ई-क्लासने वेगळा मार्ग धरला आहे. मध्ये १४.४ इंचांचा पडदा, शेजारी बसणाऱ्यासमोर आणखी एक, आणि दोन्ही जोडणारी एकच मोठी काच. पहिल्यांदा पाहताना हे भव्य वाटते. माझे मत असे आहे की डॅशबोर्डवर काच जितकी वाढते तितकी कारागिरीला जागा कमी उरते. लाकूड, धातू, शिवलेले आवरण यांच्या जोडकामात कंपनीचा कस लागतो, आणि तो दहा वर्षांनीही दिसतो. पडदा मात्र सहा-सात वर्षांत जुना वाटू लागतो, त्याच्यावर बोटांचे ठसे उमटतात, आणि तो फुटला तर तुकडा बदलता येत नाही, सबंध भाग बदलावा लागतो. हे म्हणणे आता एकट्या माझ्यासारख्यांचे राहिलेले नाही. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, भोंगा आणि आपत्कालीन मदतीचे बटण यांना खरी, हाताला लागणारी बटणे असण्यावर गुण ठेवले आहेत. मर्सिडीजनेही २०२५ पासून आपल्या नव्या गाड्यांच्या स्टिअरिंगवर फिरवायच्या रोलरला परत आणायला सुरुवात केली. म्हणून पुढच्या भागाचे माझे झुकते माप ५ सिरीजला आहे, जरी तिच्यातही एसीच्या हवेसारख्या रोजच्या गोष्टी पडद्यात नेल्या आहेत हे मला पटत नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे की ५ सिरीजमध्ये खरे चामडे नाही हे ऐकून मन खट्टू झाले. या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक ग्राहक इथेच फसतात. गाडीच्या आसनाचे चामडे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचे असते आणि त्याच्यावर रंगाचा व पॉलियुरेथेनचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, नाहीतर ऊन, घाम आणि घर्षण यांपुढे ते वर्षभरही टिकले नसते. म्हणजे रोज आपला हात लागतो तो चामड्याला लागत नाही, या थराला लागतो. ५ सिरीजचे मूळ आवरण, ज्याला बीएमडब्ल्यू वेगान्झा म्हणते, ते कृत्रिम आहे. मर्सिडीजच्या कृत्रिम चामड्याचे नाव आर्टिको. ई-क्लासमध्ये कोणत्या व्हर्जनला कोणते आवरण मिळते ते ऑर्डरच्या कागदावर शब्दशः वाचा, कारण ‘लेदर फिनिश’, ‘लेदर’ आणि ‘नापा’ हे तीन शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जातात आणि ते एका अर्थाचे नाहीत. नापा हे मऊ, बारीक कणाचे, कमी रंग थापलेले चामडे आहे. हाताला ते सर्वांत सुखद लागते आणि तेच सर्वांत नाजूकही असते. जीन्सच्या मागच्या खिशाचा धातूचा रिव्हेट त्याच्यावर दोन वर्षांत खूण करतो.

खऱ्या चामड्याचा मोठा गुण असा की ते दुरुस्त होते. वरचा थर झिजला तर मी तो घासून, भरून, पुन्हा रंगवू शकतो, आणि काम नीट झाले तर शेजारच्या भागापासून ते ओळखू येत नाही. कृत्रिम आवरणाला एकदा तडा गेला की तडा खालच्या कापडापर्यंत जातो, तिथे भरायला काही उरत नाही आणि तो पट्टा बदलावाच लागतो. उलट बाजूने पाहिले तर चांगले कृत्रिम आवरण डाग कमी धरते, त्याला पोसावे लागत नाही आणि दुर्लक्ष सोसते. तुमची गाडी चालकाच्या हाती राहणार असेल आणि दर तीन महिन्यांनी चामड्याची निगा राखली जाईल याची खात्री नसेल, तर वेगान्झा किंवा आर्टिको यांत कमीपणा मानू नका. अर्थात कृत्रिम म्हणजे सगळे सारखे नाही. पीव्हीसीचे रेक्झिन उन्हात आपल्यातला मऊपणा आणणारा द्रव हळूहळू सोडते आणि कडक होते. पॉलियुरेथेनचा शत्रू मात्र दमट हवा आहे. हवेतल्या पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात. त्यातही काही जातीचे पॉलियुरेथेन लवकर हार मानते आणि काही, विशेषतः पॉलिकार्बोनेटवर आधारलेले, बराच काळ तग धरते. नामांकित कंपन्या आणि रस्त्यावरचे सीट कव्हरवाले यांच्यातला खरा फरक या निवडीत आहे, नक्षीत नाही.

दमटपणा काय करतो ते मी एका रत्नागिरीच्या गाडीत पाहिले. गाडी युरोपातल्या एका मोठ्या नावाची होती, दहा-अकरा वर्षांची, पण जेमतेम साठ हजार किलोमीटर चाललेली. समुद्रापासून जवळ, पत्र्याच्या शेडमध्ये उभी. मालकांनी दार उघडून दिले आणि मी खिडकीच्या बटणावर बोट ठेवले, तर बोट चिकटले. बटणांवर, दाराच्या आतल्या मुठीवर, मधल्या खणाच्या झाकणावर जो मऊ, मखमली वाटणारा लेप दिलेला होता तो सगळा वितळल्यासारखा पाघळला होता. नव्या गाडीत याच लेपामुळे ग्राहक ‘काय मऊ लागते’ असे म्हणाला असणार. आम्ही प्रत्येक तुकडा सोडवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने लेप काढला, खालचे कडक प्लॅस्टिक उघडे केले आणि त्यातले काही भाग नव्याने रंगवले. या कामाला चार दिवस लागले. त्या दिवसापासून मी मऊ स्पर्शावर एकदम विश्वास ठेवत नाही. मऊपणा दोन प्रकारांनी येतो : एक, कडक प्लॅस्टिकवर मऊ लेप फवारून, दुसरा, जवळपास एक मिलिमीटर जाडीची कातडी साच्यात ओतून, तिच्यामागे फोम भरून. दुसरा महाग आहे आणि टिकतो. ओळखायचे कसे, तर अंगठ्याने दाबा. फोम असेल तर पृष्ठभाग दबतो आणि सावकाश परत येतो. लेप असेल तर स्पर्श मऊ लागतो पण काहीही दबत नाही. डॅशबोर्डचा माथा आणि दाराचा वरचा कठडा दोन्ही गाड्यांत दाबून पाहाच, आणि मग हात खाली खाली, आसनाच्या रुळांपर्यंत न्या. खाली कडक प्लॅस्टिक लागेल, दोन्हींत लागेल. मी त्याला दोष मानत नाही, बूट लागतात तिथे कडकच हवे. प्रश्न एवढाच असतो की मऊ संपून कडक सुरू होते ती रेषा नजरेच्या आणि हाताच्या टप्प्याबाहेर आहे की नाही.

सांध्यांबद्दल बोलताना मला नेहमी लेक्ससची, म्हणजे टोयोटाच्या महागड्या गाड्यांच्या शाखेची, आठवण होते. १९८९ मध्ये त्यांची एलएस ४०० आली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्या एका जाहिरातीत एक पोलादी गोळी पत्र्यांमधल्या फटीवरून टोकापासून टोकापर्यंत घरंगळत जाताना दाखवली होती, म्हणजे फट सर्वत्र एकाच रुंदीची. जर्मन कंपन्यांना एलएस ४०० ने खडबडून जागे केले. फटीच्या रुंदीचे वेड पुढे ऑडीने फार पुढे नेले, आणि आतल्या कामात कित्येक वर्षे ऑडीला मोजपट्टी मानत. वासाच्या बाबतीतही त्यांचे एक पथक १९८५ पासून फक्त नाकाने परीक्षा करते : सामानाचा तुकडा काचेच्या बरणीत घालून ऐंशी अंशांवर तापवायचा आणि मग प्रत्येकाने हुंगून गुण द्यायचे. आपल्याकडे मे महिन्यात काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड या तापमानाच्या आसपास सहज जातो, म्हणून ही परीक्षा आपल्यासाठी फारच खरी आहे. चाचणीची गाडी तासभर उन्हात उभी करून मग दार उघडा. येणारा वास डोळ्यांना झोंबत असेल किंवा आईंना त्रासदायक वाटत असेल तर ते कारण पुरेसे आहे.

आवाजाचेही तसेच. दोन वेगळ्या जातींचे प्लॅस्टिक एकमेकांना टेकले की हलताना ते आधी अडकतात आणि मग सुटतात, पुन्हा अडकतात, पुन्हा सुटतात. त्यातून ती बारीक करकर जन्मते जी घरी येईपर्यंत डोके उठवते. चांगल्या कंपन्या अशा प्रत्येक ठिकाणी फेल्टची पट्टी लावतात किंवा दोन तुकड्यांत मोजून अंतर ठेवतात. दाराचे पॅड उघडल्यावर मी सर्वांत आधी या पट्ट्या शोधतो. गाडीमागची हिशेबी वृत्ती तिथे लगेच कळते. ग्राहकाला पॅड उघडता येत नाही, पण मधल्या खणाची बाजू गुडघ्याने दाबता येते, दाराची मूठ पिळता येते, आणि हातमोजे ठेवायच्या कप्प्याचे झाकण सोडून ते धाडकन पडते की सावरत उतरते ते पाहता येते. चाचणी घेताना संगीत बंद ठेवा. दोन्ही कंपन्या फार उत्तम ध्वनियंत्रणा देतात, मर्सिडीज बुर्मेस्टरची, बीएमडब्ल्यू बॉवर्स अँड विल्किन्सची, आणि विक्री-प्रतिनिधी ती सुरू करण्यासाठी उत्सुक असतो. नंतर ऐका. आधी गतिरोधकांवरून आणि खडीच्या पट्ट्यावरून वीसच्या वेगाने न्या.

भारतात जुळणी होते म्हणून काम हलके असते का, असेही तुम्ही विचारले आहे. ई-क्लास चाकणला जुळते, ५ सिरीज चेन्नईजवळच्या कारखान्यात, जो २००७ मध्ये सुरू झाला. बीएमडब्ल्यूने तिथे स्थानिक भागांचा वाटा वाढवला तेव्हा आसने लिअर इंडियाकडून आणि दारांचे पॅड ड्रेक्सलमायरकडून घेण्यास सुरुवात केली. या जगभर अनेक कंपन्यांना माल पुरवणाऱ्या कंपन्या आहेत. जर्मनीतही आसने बहुधा अशाच पुरवठादारांकडून येतात. म्हणून शिलाई कुठल्या गावात झाली याला माझ्या लेखी फार अर्थ नाही. धागा कोणता, दर इंचाला टाके किती, फोम किती घनतेचा, हे कागद कंपनी ठरवते, आणि पुरवठादार त्याबरहुकूम करतो.

लाकूड आणि चकाकीबद्दल माझा सल्ला ठाम आहे. काळ्या पियानोसारखी चकाकणारी पट्टी जिथे टाळता येईल तिथे टाळा. ती शोरूममध्ये आरशासारखी दिसते आणि पुण्या-नाशिकच्या धुळीत, कोरड्या फडक्याने पुसली की सहा महिन्यांत तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उमटतात. त्याऐवजी उघड्या रंध्रांचे मॅट लाकूड मिळत असेल तर ते घ्या. हे लाकूड म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटरचा पापुद्रा असतो, पण तो खरा असतो, आणि त्याच्यावर जाड लाखेचा थर नसल्यामुळे उन्हाने तडकण्यासारखे तिथे फार काही नसते.

रंगाबाबत आईंना फिकट रंग आवडतो असे तुम्ही लिहिले आहे. फिकट क्रीम रंगात गाडी आतून मोठी आणि थंड वाटते हे खरे आहे, आणि उन्हात उभ्या गाडीचे आसन काळ्या रंगाइतके पोळत नाही. पण नव्या जीन्सचा निळा रंग, केसांच्या तेलाचे डोक्यामागचे डाग आणि सीट बेल्टची काळी रेघ या तीन गोष्टी फिकट आवरणाला सहा-आठ महिन्यांत गाठतात. मी तपकिरी किंवा मातकट छटा सुचवेन. तरीही क्रीमच घ्यायचे ठरले तर पहिल्याच आठवड्यात संरक्षक लेप देऊन घ्या आणि डाग दिसताच, तो मुरायच्या आत, साबण नसलेल्या सौम्य क्लीनरने काढा. कोपऱ्यावरच्या धुलाई केंद्रात जे चकचकीत सिलिकॉन पॉलिश डॅशबोर्डला चोपडतात त्याला कायमचे ‘नको’ म्हणा; त्याने समोरच्या काचेत प्रतिबिंब पडते, धूळ चिकटते आणि पुढे दुरुस्तीच्या वेळी रंग धरत नाही. चामड्याला खोबरेल तेल लावणारेही मी पाहिले आहेत. ते तेल शिलाईच्या छिद्रांतून आत उतरून फोममध्ये मुरते. पावसाळ्यात भिजलेली छत्री आणि ओले पायपुसणे रात्रभर बंद गाडीत ठेवू नका, बुरशी आधी आसनांखालच्या गालिच्याला आणि मग चामड्याला लागते.

छताचे कापड कोणीही तपासत नाही. त्याच्यामागे पातळ फोमचा थर असतो आणि उष्णतेने त्याची भुकटी झाली की कापड लोंबू लागते. जुनी गाडी घेणाऱ्याने काचेच्या छताच्या कडेने बोट फिरवून पाहावे. तुम्ही नवी घेत आहात, तेव्हा एवढेच करा की गाडी शक्यतो सावलीत उभी राहील.

शेवटी सीट कव्हर. इतकी महाग आसने जपण्यासाठी वरून कव्हर घालायचा विचार तुम्ही मांडला आहे, आणि ही गोष्ट मी कळकळीने नाकारतो. दोन्ही गाड्यांत पुढच्या आसनांच्या बाजूला एअरबॅग आहेत. त्या ठिकाणची शिलाई मुद्दाम ठरावीक ताणाला तुटणाऱ्या धाग्याने आणि मोजलेल्या टाक्यांनी केलेली असते, जेणेकरून एअरबॅग क्षणार्धात तिथूनच बाहेर यावी. डॅशबोर्डमध्येही शेजाऱ्याच्या एअरबॅगवर शिवण दिसत नाही, पण कातडीला मागच्या बाजूने तिथे कमकुवत रेघ दिलेली असते. वरून जाड कव्हर चढले, किंवा एखाद्या कारागिराने तीच शिवण आपल्या नेहमीच्या मजबूत धाग्याने, चांगल्या हेतूने, दुहेरी टीप मारून शिवली, तर एअरबॅग अडते किंवा भलत्या बाजूला उघडते. आसनाखालचा वजन ओळखणारा सेन्सरही जाड कव्हराने चुकू शकतो, आणि हवेशीर आसनांची छिद्रे बंद होतात ती वेगळीच. माझ्या कार्यशाळेत एअरबॅग असलेल्या बाजूची शिवण आम्ही उसवत नाही. तो भाग खराब झाला असेल तर कंपनीचे तयार आवरण मागवतो, त्याला महिना लागला तरी. तुम्हाला आसने जपायचीच असतील तर मागच्या आसनावर आईंच्या जागी एक सुती पंचा पसरा, पुढची आसने उघडी ठेवा.